जहाजावर ठंडी वायर नसते

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावच्या मिस्त्रीमामांचे. ते माझे नात्याने मामा नाहीत. बाजाराच्या रस्त्याला त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्या पोटातली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढा मोजून गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. आसपासच्या दहा-पंधरा गावांत त्यांना सगळे मामाच म्हणतात, पासष्टीची माणसंसुद्धा.

बारावीचा निकाल लागल्यावर प्रवेशाची वाट बघत मी घरी बसून होतो. वडिलांनी मला त्यांच्या दुकानात नेऊन सोडलं. म्हणाले, "मामा, याला मार्क हायेत, पण हाताला काम न्हाई." मामांनी माझ्याकडे न बघताच पाना पुढे केला. "घे. मार्कानं नट खुलत न्हाई."

इंजिनिअरिंगला नंबर लागल्याचं कळलं तेव्हा दाखल्यांसाठी अंबडला जायचं होतं. आमच्या घरात कुणी कचेरीची पायरी चढलेली नव्हती. त्या दिवशी पिंपळगावचा बाजार होता आणि मामांच्या धंद्याचा तोच खरा दिवस. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर एसटीत बसले. रांग फार मोठी होती. उन्हात तेच उभे राहिले, मला झाडाखाली बसवलं आणि भाकरी खायला लावली. "मला उभं राह्याची सवय हाये. तू बस. तुला पुढं चार वर्षं बसायचंच हाये बाकावर."

आमच्या घरात मी पहिला पदवीधर. पुढे जहाजावरच्या विजेचा कोर्स केला आणि बोटीवर लागलो, तेव्हाही पेढे आधी दुकानात नेले आणि मग घरी.

मामांनी मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एक दिवा. काळं होल्डर, शंभरचा बल्ब आणि दोन वायरी. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला मोठा खिळा. खिळा विहिरीच्या काठच्या ओल्या मातीत रोवायचा आणि चिमटा एकेका वायरीला लावून बघायचा. दिवा लागला तर वायर गरम. नाही लागला तर ठंडी. ठंडी वायर बिनधास्त हातात धरायची, सोलायची, पिळायची, लाइन चालू असली तरी.

हे चूक आहे, हे कॉलेजात शिकलो होतो. पण शिवारात दुसरा इलाज नव्हता. काम करण्यासाठी डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, बंद केली तर वीस मोटारी बंद पडतात. वीस लोक उसात, मोसंबीत पाणी धरून बसलेले असतात आणि ते वीसच्या वीस लोक डीपीकडे चालत येतात. त्यांच्या शिव्या मी खाल्लेल्या आहेत. म्हणून मामा लाइन चालू ठेवून, ठंडी वायर ओळखून काम करायचे. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी तेलरंगाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं : आधी दिवा, मंग हात.

त्या भिंतीचा एक रिवाज होता. तोंडी सांगितलेलं मामांच्या दुकानात चालत नसे. कुठल्या कंपनीच्या मोटारीला किती वेढे, कुणाच्या विहिरीवर कुठला फेज कमजोर, सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचं. "तोंडचं वाऱ्यावर जातं रे. भिंतीवरचं राहतं." एकदा मी एका मोटारीचे वेढे नुसतेच सांगितले, तर ते हातातलं काम थांबवून म्हणाले, "मला ऐकू आलं न्हाई. कागदाला सांग." तेव्हा त्यांचे कान चांगले तीक्ष्ण होते.

मी बोटीवर निघालो तेव्हा त्यांनी मला नवा दिवा बांधून दिला. वायरींना दुहेरी आवरण, खिळा पितळी. "समिंदरात माती न्हाई, मंग खिळा कुठं रोवशीन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मामा, बोट लोखंडाची असते. लोखंडच तिची माती." त्यांना ते बरोबर पटलं. "मंग लोखंडाला विचार. माती काय, लोखंड काय, खोटं बोलत न्हाई."

हे मी इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते त्या एका वाक्यावरून झालं.

जहाजावर वीज सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे बत्तीसाब म्हणतात. आमचे बत्तीसाब कोकणातले, रत्नागिरीकडचे. आजोबांपासून घरात बोटीवरची नोकरी. मी त्यांच्या हाताखाली शिकाऊ होतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "जालना? तिथे समुद्र कुठल्या बाजूला येतो रे?"

"कुठल्याच न्हाई, सर."

"मग तुला वाट कुणी दाखवली?"

त्यांनी मला इंजिनच्या कंट्रोल रूममधल्या मोठ्या स्विचबोर्डपुढे उभं केलं. बोर्डावर एका ओळीत तीन छोटे दिवे होते, तिन्ही सारख्याच मध्यम उजेडाचे. मी बराच वेळ बोर्ड न्याहाळला. ठंडी वायर, म्हणजे पुस्तकातलं न्यूट्रल, कुठे दिसेना. विचारलं, "सर, न्यूट्रल कुठं आहे?"

"कुणाचं?"

"जहाजाचं."

ते हसले. "जहाजाचं न्यूट्रल कुठेच बांधलेलं नसतं. तुमच्या गावात डीपीचं न्यूट्रल जमिनीत गाडलेलं असतं. इथे वीज लोखंडापासून सुटी ठेवतात. तीन वायरी, तिन्ही अधांतरी."

"का पण?"

"कारण तुमच्याकडे एक वायर जमिनीला टेकली की फ्यूज उडतो. मोटार बंद. शेतकरी घरी जाऊन झोपतो. इथे भर समुद्रात सुकाणूची मोटार बंद पडली तर? म्हणून अशी सोय केलेली असते की एखादी वायर कुठे तरी सोलून लोखंडाला टेकली, तरी काहीच बंद पडत नाही. सगळं चालू राहतं."

"मग दोष आहे हे कळणार कसं?"

त्यांनी त्या तीन दिव्यांवर बोट ठेवलं. "यांच्यावरून. ज्या वायरीला दोष, तिचा दिवा विझतो. उरलेले दोन भगभगीत होतात. मग दोष शोधायचा आणि काढायचा. दुसरी वायर टेकायच्या आत. दुसरी टेकली की मग आग."

मी थक्क झालो होतो. दोष आहे आणि तरी सगळं चालू आहे, ही कल्पनाच मला नवी होती. आमच्याकडे दोष म्हणजे अंधार. रात्री केबिनमध्ये मी हे सगळं वहीत लिहून काढलं, आकृतीसुद्धा काढली. मला वाटलं, समजलं. डोक्याला समजलं होतं, हाताला समजलं नव्हतं.

तीन महिन्यांनी ते घडलं. दोन दिवस समुद्र खवळलेला होता, तिसऱ्या दिवशी सकाळी शांत झाला. नाश्ता करून कंट्रोल रूममध्ये आलो तर दिव्यांच्या लाइनीवरचा अलार्म वाजत होता. तीन दिव्यांतला पहिला पूर्ण विझलेला, बाकीचे दोन डोळ्यांवर येतील असे भगभगत होते. सगळ्या जहाजावर मात्र दिवे, पंखे, पाण्याचे बॉयलर, सगळं नीट चालू. त्या दिव्यांकडे कुणी बघितलंच नसतं तर कुणाला काही कळलं नसतं.

दोष शोधायची पद्धत साधी आणि कंटाळवाणी असते. बोर्डावर प्रत्येक भागाचा वेगळा ब्रेकर असतो. एक ब्रेकर पाडायचा, म्हणजे तिथली वीज बंद करायची, आणि त्या विझलेल्या दिव्याकडे बघायचं. दिवा विझलेलाच राहिला तर दोष तिथे नाही, ब्रेकर परत चढवायचा. पुढचा पाडायचा. ज्या ब्रेकरला तिन्ही दिवे एकसारखे होतात, दोष त्या भागात. मात्र प्रत्येक ब्रेकर पाडण्याआधी तिथल्या माणसाला फोन करून विचारावं लागतं. कुणी अंघोळ करत असतो, कुणी वेल्डिंग.

दहा-बारा ब्रेकर झाले. दिवा काही उजळेना. मग बत्तीसाबांनी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात फोन लावला. फोनमधून चीफ कुकचा आवाज मलाही ऐकू आला. "बत्तीसाब, चावल आधा हुआ है! दस मिनट दे दो!"

"तेरे चावल के लिए जहाज़ रोकूँ?"

"जहाज़ मत रोको साब, बस मेरा कुकर मत रोको. आधा चावल कप्तान को आप खिलाओगे?"

बत्तीसाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. "दहा मिनिटं भाताला. तोवर तू मागे सुकाणूच्या खोलीत जा. तिथल्या एका दिव्यात काल पाणी ठिबकत होतं. फक्त झाकण उघडून बघ. हात लावायचा असेल तर वॉकीटॉकीवर सांग, मी तो ब्रेकर पाडतो. समजलं?"

"समजलं, सर."

सुकाणूची खोली जहाजाच्या शेवटच्या टोकाला असते. तिथे सतत यंत्राचा घुमणारा आवाज असतो. मी लोखंडी शिडी लावली, चढलो, दिव्याचं झाकण काढलं. आत दोन वायरी. एकीचा स्क्रू हिरवा पडून ढिला झालेला. सापडलं, असं वाटून मला फार आनंद झाला. वॉकीटॉकी कमरेला होता. सांगायला हवं होतं. पण तो ब्रेकर पाडला असता तर सुकाणूच्या खोलीतले सगळे दिवे गेले असते आणि खाली एक खलाशी यंत्राला तेल देत होता. त्याचं काम कशाला थांबवायचं, असा विचार माझ्या मनात आला. खरं सांगायचं तर विचार आलासुद्धा नाही. ती वीस मोटारींची सवय होती. लाइन पाडायची नसते, हे माझ्या हाडात बसलेलं होतं.

मी खिशातून मामांचा दिवा काढला. पितळी खिळा एका ठिकाणी रंग खरवडून लोखंडाला टेकवला. चिमटा पहिल्या वायरीला. दिवा लख्ख. चिमटा दुसऱ्या, ढिल्या वायरीला. दिवा बंद.

अगदी पिंपळगावसारखं. एक गरम, एक ठंडी.

गरम वायरीला मी टेप गुंडाळली. मग डाव्या हाताने ढिली वायर धरली, तिचं टोक साफ करायला लागलो. उजवा हात शिडीला. वायर खरोखरच ठंडी होती. काहीही लागत नव्हतं. मी दोन बोटांत ती फिरवत होतो, गावाकडे फिरवायचो तशीच.

आणि मग ती वायर माझ्या हातात जिवंत झाली.

दुसरे शब्द मला सापडत नाहीत. मी काहीही केलं नव्हतं. हात हलवला नव्हता, दुसरीकडे लावला नव्हता. जी वायर एका क्षणापूर्वी दोरीसारखी निर्जीव होती, तिने माझी मूठ आवळली. दात एकमेकांवर बसले. सोडायचं आहे, सोडायचं आहे, एवढंच कळत होतं आणि हात माझं ऐकत नव्हता. खालचं तेलाचं भांडं मला स्पष्ट दिसत होतं, खलाशाची टोपी दिसत होती, ओरडता येत नव्हतं. मग बहुधा माझ्या झटक्याने शिडी सरकली. वजनाने मी खाली आलो आणि हात सुटला. उजवं कोपर फरशीवर आपटलं. तोंडात तांब्याची चव आली होती.

कमरेचा वॉकीटॉकी माझ्या शेजारी पडला होता आणि त्यातून बत्तीसाबांचा आनंदी आवाज येत होता, "सापडला रे, सापडला! भाताचा कुकरच निघाला! तिन्ही दिवे सारखे! ऐकतोयस का? ये आता परत. अरे बोल की!"

खलाशाने तो उचलला आणि सांगितलं, "साब, छोटा साब गिर गया."

ते पळत आले. आधी माझी नाडी बघितली, डोळे बघितले, तर्जनी आणि अंगठ्यावरचा पांढरा डाग बघितला. मग त्यांची नजर वर लोंबणाऱ्या मामांच्या दिव्यावर गेली. त्यांनी हातमोजे घातले आणि सरकलेली शिडी परत लावली. वर चढून मी गुंडाळलेली टेप सोडली, खिळा लोखंडाला टेकवला आणि चिमटा एका वायरीला लावला. दिवा मंद लागला. दुसरीला लावला. तेवढाच मंद लागला.

"मघाशी यातली एक विझलेली होती?"

"हो, सर. ठंडी होती."

"ठंडी?" ते तिथेच खाली बसले. "अरे, दोष त्या लाइनीला होता. ती वायर तिकडे गॅलीत लोखंडाला टेकलेली होती. म्हणून लोखंड आणि ती वायर एक झाले होते, म्हणून तुझा दिवा लागला नाही. ती ठंडी नव्हती, ती आजारी होती. मी भाताचा ब्रेकर पाडला, आजार गेला. त्या क्षणी ती बाकीच्या वायरींसारखीच गरम झाली. मी तिकडे दोष काढत होतो, आणि..."

तेव्हा मला कळलं. माझ्या हातात वायर ठंडी होती, ती केवळ जहाज बिघडलेलं होतं म्हणून. जहाज दुरुस्त झालं आणि मी मरायला टेकलो. भात आणखी पाच मिनिटं शिजला असता तर मी स्क्रू आवळून खाली उतरलो असतो आणि जन्मभर समजत राहिलो असतो की जहाजावरही एक ठंडी वायर असते.

मला वाटलं, बत्तीसाब तो दिवा समुद्रात फेकतील. त्यांनी तो गुंडाळून माझ्या हातात दिला. "कुणी दिला?"

"माझ्या गुरूंनी."

"त्यांचं त्यांच्या मातीत बरोबर असेल. पण त्यांना कळव, इथे लोखंड खोटं बोलतं."

मी कळवलं नाही.

हेच मला लिहायचं होतं आणि इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरतो आहे. सुट्टीवर गावी आलो. दुकानात गेलो. मामांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, "हे आपलं पोरगं. आपल्या भिंतीवरच्या नियमावर जहाज चालवून राह्यलं." गिऱ्हाईक भिंतीकडे बघायचं, मग माझ्याकडे. मामांनी माझं बोट धरून विचारलं, "हे काय झालं?"

"गरम भांडं लागलं, मामा."

"जहाजावर सैपाकबी करून राह्यला काय?" सगळे हसले. मीही हसलो. त्या माणसाला, त्याच्याच दुकानात, त्याच्या नियमाने मला मारायला काढलं होतं हे कसं सांगायचं? माझ्या जिभेला ते जमलं नाही. दोन सुट्ट्या अशाच गेल्या. दर वेळी वाटायचं, त्यांच्या मातीत त्यांचं बरोबर आहे, सांगून काय करायचं.

या वर्षी एका बंदरात माल उतरत असताना मी मामांना फोन केला. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या सूनबाई फोन त्यांच्या कानाला धरून शेजारी उभ्या राहतात.

"धंदा कसाय, मामा?"

"मोटारी कमी झाल्या. आता समदे सोलर घेऊन राह्यले. शेतात काचा लावल्या, उन्हावर पंप. उंदरं उसातून येऊन वायरी कुरतडतात. मंग येतात माझ्याकडंच. दिसाला एक तरी जोडतो."

"तुम्ही जोडता? ऊन असताना?"

"मंग कधी? ऊन नसल्यावर पंप चालू झाला का न्हाई ते कसं कळणार? अरे, लई सोपं हाये. आपला दिवा लावून पाह्यला. सोलरच्या दोन्ही वायरी ठंड्या! एकीलाबी दिवा लागत न्हाई. मातीला विचारलं, माती म्हणे धर. उघड्या हातानं जोडतो. लाइनीपरीस बरं, बिलकुल भ्या न्हाई."

मी बंदरावरच्या एका लोखंडी खुंटाला टेकून उभा होतो. सोलरच्या काचांची वीज जमिनीशी बांधलेली नसते. ती अधांतरी असते. जहाजासारखी. मामांचा दिवा लागत नव्हता, कारण खिळ्याकडून विजेला परत जायला वाटच नव्हती. दोन्ही वायरींच्या मध्ये मात्र घरातल्या विजेच्या दुपटीएवढी वीज उभी होती. आणि उंदीर ज्या दिवशी एक वायर सोलून लोखंडी चौकटीला टेकवून ठेवेल, त्या दिवशी दुसरी वायर धरणारा माणूस उठणार नाही. मामा दिवसाला एक जोडत होते, आणि उंदरांनी कुरतडलेल्याच जोडत होते.

"मामा, दोन्ही वायरी एकदम धरल्या का कधी?"

"एकदम कशाला धरू? मला काय चार हात हायेत?"

"मामा, ऐका. त्या ठंड्या नसतात. हात लावू नका!"

"काय?"

"ठंड्या नसतात!"

"हां, इथंबी थंडी हाये आता," ते म्हणाले. मी ओरडलो. बंदरावरचे लोक वळून बघायला लागले. सूनबाईंनी त्यांना सांगितलं असावं, कारण ते हसले. "ठंड्या न्हाईत म्हणतो? अरे, माझ्या हाताला कळतं का तुझ्या फोनला? ध्यान ठिव, तोंडचं वाऱ्यावर जातं. कागदाला सांग."

मी कागदाला सांगितलं. जहाजावर परत येऊन त्याच दुपारी मोठ्या अक्षरांत पत्र लिहिलं, त्याचा फोटो सूनबाईंना पाठवला आणि मूळ पत्र पोस्टात टाकलं. ते असं :

"मिस्त्रीमामांना, पायांवर डोकं ठेवून.

हे पत्र सूनबाईंनी भिंतीला चिकटवावं, 'आधी दिवा, मंग हात'च्या बरोबर खाली. त्याआधी तुम्ही ते दोनदा वाचावं. मधे कुणाची मोटार आली तर तिला थांबू द्यावं.

मामा, मी तुमच्याशी खोटं बोललो. माझ्या बोटावरचा डाग गरम भांड्याचा नाही. तुमचा दिवा मी जहाजावर लावला होता. लोखंडाला विचारलं, लोखंड म्हणालं धर. मी धरली. थोड्या वेळाने ती वायर गरम झाली आणि मी शिडीवरून पडलो. वाचलो ते शिडी सरकली म्हणून. हे तुम्हाला दोन वर्षं सांगितलं नाही, कारण मला वाटलं की सांगितलं तर मी तुमचा नियम खोटा ठरवतो. आता कळतं, न सांगून मी तुमच्या जिवाशी खेळत होतो. तुमचा नियम खोटा नाही. डीपीचं न्यूट्रल मातीत गाडलेलं असतं, म्हणून डीपीच्या लाइनीवर माती तुमच्याशी बोलते. जहाजाच्या विजेचं मातीशी नातं नसतं. सोलरचंही नसतं. तिथे माती मुकी असते. मुका माणूस नाही म्हणत नाही, म्हणून त्याने हो म्हटलं असं समजू नका.

सोलरच्या एका वायरीला दिवा लागत नाही, दुसरीलाही लागत नाही. पण मामा, त्या दोघींमध्ये तुमच्या घरच्या लाइनीच्या दुप्पट वीज असते. आतापर्यंत तुम्ही एका वेळी एकच धरली, आणि दुसरी कुठे टेकलेली नव्हती. एवढ्यावरच तुम्ही वाचलात आणि माझ्याशी फोनवर बोललात. उंदीर तुम्हाला विचारून कुरतडत नाही.

म्हणून मातीला विचारायचं सोडा. वायरींना एकमेकींबद्दल विचारा. मी हातात धरून व्होल्ट मोजायचं मीटर पाठवतो आहे, जाड रबरी हातमोजे पाठवतो आहे. मीटरची कुठली खूण कशी ठेवायची, ते मीटरच्या पाठीवर मराठीत लिहून चिकटवलं आहे. आधी पंप बंद करायचा. मग काचांवर ताडपत्री टाकायची, पूर्ण, एकही कोपरा उघडा नको. मग मीटर दोन वायरींच्या मध्ये लावायचं. आकडा शून्य दिसला की मगच हात, तोही हातमोज्यातला. पंपाच्या पेटीवरचं बटण बंद केलं तरी काचांकडून येणारी वायर जिवंतच असते. उन्हाला बटण नाही.

शेतकरी म्हणेल, ताडपत्री कशाला, पाणी चालू आहे, लवकर करा. त्याला माझं नाव सांगा आणि म्हणा, तो जहाजावरचा पोरगा असाच घाई करून पडला होता.

मामा, अंबडला तुम्ही उन्हात उभे राहिलात आणि मला बसवलंत. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही, कारण मागायच्या आधीच तुम्ही दिलं. आज एक मागतो. मीटर हातात पडेपर्यंत एकाही सोलरच्या पेटीला हात लावू नका. आणि नियमाखाली तुमच्या हाताने, तेलरंगाने एक ओळ लिहा. ओळ कोणती ते तुम्ही ठरवा, अक्षर तुमचं पाहिजे. लिहून झाली की सूनबाईंना फोटो पाठवायला सांगा. फोटो येईपर्यंत मी रोज याच वेळी फोन करीन. तुम्हाला ऐकू येत नसलं तरी उचला. नुसता तुमचा 'हां, बोल' ऐकू आला तरी मला पुरे.

तुमच्या दुकानात पाना धरायला शिकलेला."